हळकुंड, सुपारी आणि अथेन्सचे न्यायालय

ज्याचे स्मरण केले असता अडलेली वाणी चालू लागते त्या गजाननाला, आणि चालू लागलेली वाणी कोठे थांबवावी हे जिच्या कृपेने कळते त्या शारदेला प्रणिपात करून हा लेख आरंभितो. निमित्त आपल्या मराठी मंडळाच्या दीपावली अंकाचे. संपादिका सौ. मेधाताई फोनवर म्हणाल्या, "काका, तुम्ही युनिव्हर्सिटीत इतकी वर्षं नक्की काय शिकवलंत ते एकदा लिहाच. आम्हां नव्या मंडळींना वाटतं, संस्कृत. फक्त अंक मुलांच्याही हाती पडतो, तेवढं सांभाळा."

या आज्ञेचे दोन भाग एकमेकांशी भांडणारे आहेत, हे मेधाताईंना ठाऊक नसावे. मी शिकवीत असे तो विषय म्हणजे प्राचीन ग्रीकांचा व्यभिचारविषयक कायदा.

पाठशाळेत वाढलेल्या, नित्य संध्या करणाऱ्या माणसाकडे हा विषय कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे. मी जर्मनीत रेगेन्सबर्गला आलो तो आपल्या स्मृतिग्रंथांतील व्यवहारप्रकरणे शिकवावयास. व्यवहार म्हणजे येथे कोर्टकज्जे: साक्षीदार कोण असावा, शपथ कशी घ्यावी, दंड किती करावा. आमच्या त्या वेळच्या विभागप्रमुखांची श्रद्धा अशी, की एका प्राचीन समाजाचा कायदा एकटाच वाचला तर माणूस त्याचा अभिमानी तरी होतो किंवा वैरी तरी. दोन समाजांचे कायदे शेजारी ठेवून वाचले तरच काही समजते. म्हणून त्यांनी माझ्या स्मृतींशेजारी ग्रीकांचा कायदा आणून ठेवला, आणि त्यात सर्वांत लठ्ठ प्रकरण हेच निघाले. देवाचे नाव घेऊन मी ते उघडले. निवृत्तीपर्यंत ते मिटता आले नाही.

आमचे काम म्हणजे मेलेल्या माणसांची भांडणे जिवंत ठेवणे. त्यासाठी कायदा थोडा माहीत हवा, म्हणून सांगतो. अथेन्सचा नागरिक आपल्या घरातील स्त्रीबरोबर, म्हणजे पत्नी, माता, भगिनी किंवा कन्येबरोबर, परपुरुषाला पकडील तर त्याला तेथल्या तेथे ठार करण्याची मुभा त्यास होती. ठार करणे जिवावर आले तर बांधून ठेवावे आणि भरपाई मागावी. गुन्हा मानला जाई तो घरधन्याविरुद्ध. त्या स्त्रीला काय म्हणावयाचे आहे, हे कोणी विचारीत नसे, कारण न्यायालयात तिला बोलताच येत नसे. कुलीन स्त्रीचे नाव तेथे उच्चारणेही असभ्यपणाचे. 'अमक्याची बायको' म्हटले की भागे. गुन्हा शाबीत झाला तर नवऱ्याने तिला टाकलेच पाहिजे. न टाकील तर त्याचेच नागरिकत्वाचे हक्क जात. तिने पुढे दागिना घालावयाचा नाही आणि देवळात पाऊल ठेवावयाचे नाही. ठेवले तर कोणीही तिची वस्त्रे फाडावी.

आमच्या स्मृतिकारांनीही या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही, हे मी वर्गात प्रांजळपणे सांगत असे. परंतु त्यांनी दंडाशेजारी प्रायश्चित्त ठेवले, आणि स्त्रियांच्या व्यवहारात स्त्रियांची साक्ष घ्यावी असेही म्हटले. देवाचे दार बंद करणारे ते ग्रीक कलम शिकवताना मी दर वर्षी क्षणभर थांबत असे. विद्यार्थ्यांना वाटे, मी चष्मा पुसतो आहे.

आता मुळा. तो टाळता आला असता तर टाळला असता. अथेन्सच्या विनोदी नाटकांत असा उल्लेख येतो, की पकडलेल्या जाराला न मारता मुळ्याच्या साहाय्याने त्याची फजिती करीत. ती कशी, हे मेधाताईंच्या अटीमुळे सांगत नाही. मुळा खाण्यासाठी नव्हता, एवढे पुरे. हे प्रत्यक्ष घडे, की ती नाटककारांची थट्टा होती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु बव्हेरियात राहून हा विषय काढणे हेच एक संकट. येथला मुळा पांढरा आणि चांगला हातभर असतो. बिअरगार्टनमध्ये त्याचे पातळ चक्राकार काप करून, मीठ लावून मोठ्या आदराने खातात. पहिल्या वर्षी व्याख्यानात मी तो शब्द उच्चारला, तेव्हा मागच्या बाकावरून अत्यंत गंभीर प्रश्न आला, "आपल्याकडचा, की तो लहान लाल?"

"आधारग्रंथांत आकार दिलेला नाही," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात वर्गातील कित्येकांनी मुळा सोडला, असे पुढे कानावर आले. त्या व्याख्यानाच्याच दिवशी घरी आमच्या सौभाग्यवती सुमतीबाईंनी नेमकी मुळ्याची कोशिंबीर केली होती. मी वाटी हळूच बाजूला सारली.

"अहो, पोट बरं नाही का?"

"मुळा वातूळ असतो," मी म्हणालो. ते असत्य नव्हते. त्या दिवसापासून आमच्या घरात मुळा येईनासा झाला, आणि मी काय शिकवतो हा विषयही त्याच्याबरोबरच बाहेर राहिला.

येथल्या विद्यापीठांत निवृत्त नागरिकांनाही वर्गात येऊन बसता येते. माझ्या वर्गात श्री. अलोईस आणि त्यांच्या पत्नी रोझी असे एक जोडपे वर्षानुवर्षे येई. अलोईस आयुष्यभर वनखात्यात होते आणि झाडांसारखेच कमी बोलत. एकदा मी सांगत होतो, की पत्नीला क्षमा करून घरात ठेवणाऱ्या नवऱ्याचे हक्क अथेन्स काढून घेई. रोझीबाई नवऱ्याकडे वळून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघ, अलोईस. अथेन्समध्ये असतो तर तुझं मतदान गेलं असतं."

अलोईसांनी थोडा विचार केला. "जा," ते म्हणाले, म्हणजे होय. "गेलं असतं तर गेलं असतं." आणि त्यांनी रोझीबाईंचा पडलेला हातमोजा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. क्षमेवरचे इतके संक्षिप्त भाष्य मला कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही.

सत्राच्या शेवटी आम्ही एक अथेनियन खटला उभा करीत असू. विद्यार्थी वादी आणि प्रतिवादी होत, मी न्यायसभेचा अध्यक्ष. अथेन्समध्ये न्याय करणारे शेकडो सामान्य नागरिक असत, तितके माझ्या वर्गात कोठून येणार? म्हणून न्यायसभेची बाके मी आपल्या मंडळातील मंडळींनी भरीत असे. खटला जर्मनमध्ये आणि नंतर बटाटेवडे, असा करार होता. नुसते बाकावर बसावयाच्या नाटकाला चला म्हटले की मोटारीच्या कारखान्यातले अभियंतेही येतात. मात्र ते कशाचे नाटक आहे, हे त्यांना तेथे पोहोचल्यावरच कळे, आणि घरी जाताना ते त्याविषयी एकमेकांशी बोलत नसत.

अथेन्सला प्रत्येक वक्त्याला एका भांड्याचे पाणी मिळे. भांड्याच्या बुडाशी भोक असे. पाणी संपले की भाषण संपले. त्यासाठी मी घरच्या महादेवाचे पितळी अभिषेकपात्र नेत असे, आणि नेण्यापूर्वी त्याची क्षमा मागत असे. मतदानाची रीत अशी, की प्रत्येकाच्या हातात दोन चकत्या देत, एक वादीची आणि एक प्रतिवादीची. खरे मत धातूच्या घड्यात टाकावयाचे आणि उरलेली चकती लाकडी भांड्यात, म्हणजे कोणी काय दिले ते कळू नये. चकत्यांऐवजी मी हळकुंड आणि सुपारी देई. हळकुंड वादीचे, सुपारी प्रतिवादीची. घड्याच्या जागी तांब्याचा कलश.

तोवर मंडळातील आठदहाच पुरुषमंडळी येत, आणि मी शेजारी उभा राहून त्यांच्याकडून मतदान करवून घेई. माझ्या निवृत्तीच्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. माझी सहाध्यापिका डॉ. मिरियम, ग्रीकची खरी विदुषी, अनेक वर्षे तात्पुरत्या करारावर होती, आणि तो करार माझ्या निवृत्तीबरोबरच संपत होता. तिचे पद कायम करावे, की हा अभ्यासक्रमच बंद करून टाकावा, हे विद्याशाखेच्या प्रमुख बाई ठरवणार होत्या. त्यांना येथे डेकानिन म्हणतात. "खटला बघते, मग बघू," त्या म्हणाल्या होत्या. ज्या अर्थी त्या मागच्या रांगेत कोट न काढता बसल्या, त्या अर्थी फार वेळ बसण्याचा त्यांचा विचार नव्हता.

सभा भरलेली दिसावी म्हणून मी त्या वर्षी सगळ्या मंडळाला कुटुंबासहित बोलावले. तेथेच पुढच्या घोटाळ्याचे बीज पडले.

खटला मिरियमने रचला होता. लायकोन नावाच्या कुंभाराने भरदुपारी आपल्या घराच्या आतल्या खोलीत फिलोन नावाचा शेजारी पकडला आणि दोरखंडाने बांधून ठेवला. जामीनदारांनी फिलोनला सोडवले. आता तोच फिर्याद घेऊन आला आहे: मी त्यांचा रांजण परत द्यायला गेलो होतो, मला अन्यायाने जार ठरवून बांधले. फिलोन जिंकला तर लायकोन दंडास पात्र. फिलोन हरला तर कायदा सांगतो, की त्याला तेथेच, न्यायसभेसमोर, लायकोनच्या हवाली करावे, आणि शस्त्र न वापरता लायकोनने त्याचे वाटेल ते करावे. म्हणूनच टेबलावर मुळा ठेवलेला होता. सकाळी बाजारात मी तो निवडत असताना भाजीवालीने विचारले, "बिअरबरोबर?" मी म्हणालो, "न्यायालयात हवा आहे." तिने अधिक चौकशी केली नाही.

खटला सुरू होण्याच्या बेतात निरोप आला, की लायकोनच्या बायकोचे काम करणारी विद्यार्थिनी तापाने फणफणली आहे. मिरियम इकडेतिकडे पाहू लागली. दारातून सुमतीबाई वड्यांचा डबा घेऊन आत येत होत्या. खटल्याला त्या प्रथमच येत होत्या.

"फ्राऊ सुमती, तुम्ही बसाल? काही बोलायचं नाही. डोक्यावर पदर घेऊन नुसतं स्टुलावर बसायचं."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही. अथेन्सच्या बाईला बोलता येत नाही."

"बाई कोण आहे ती? नाव काय?"

"नाव नाही. लायकोनची बायको."

सुमतीबाई माझ्याकडे वळल्या. "अहो, न बोलता किती वेळ?"

"दोन अभिषेकपात्रं," मी म्हणालो.

बाकांवरून श्री. पटवर्धनांचा आवाज आला, "वहिनी, काकांनी तुमच्यासाठीच शोधलेला कायदा दिसतोय." पटवर्धन कारखान्यात गुणवत्तातपासणीला आहेत. सुमतीबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्यांच्या वाट्याचा वडा तेथेच धोक्यात आला. मग त्या डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मिरियमने त्यांना हळूच समजावले, की फिलोन हरला तर नवरा तिला माहेरी पाठवील आणि देवळाचे दार तिला कायमचे बंद होईल.

"माझ्या कुठल्या चुकीनं?" सुमतीबाईंनी विचारले. पण तोवर मी पात्रात पाणी ओतले होते.

फिलोनचे काम कॉर्बिनिअन नावाचा आडदांड बव्हेरियन मुलगा करीत होता. त्याने रांजणाची कथा मोठ्या तळमळीने सांगितली. लायकोन झालेला योनास काडीपहिलवान, पण वकिली अंगात मुरलेला. त्याने एकच मुद्दा धरला. "आल्झो, तर मग, हा म्हणतो, रांजण परत द्यायला आलो. रांजण आम्ही पाहिला. त्याला तडा गेलेला आहे. तडा गेलेला रांजण कोण परत करतं? तो फक्त बहाणा होता." डेकानिन बाईंनी काहीतरी टिपून घेतले. योनास पुढे म्हणाला, "आणि माझी बायको याला पाहून हसली होती." स्टुलावरचा पदर जोराने हलला.

पाणी संपले. मी मतदानाची रीत समजावून सांगितली: तांब्याच्या कलशात खरे मत, लाकडी डब्यात उरलेले. पटवर्धन म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. प्रोसेस क्लिअर आहे, काका." मंडळी रांगेने पुढे आली. विद्यार्थ्यांनी शिस्तीत मते टाकली. मग आपले मंडळ आले. कलशाला घरच्या पूजेतली कुंकवाची बोटे तशीच होती, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सर्वांत पुढे असलेल्या सौ. पटवर्धनांनी कलशाला नमस्कार केला आणि हळकुंड व सुपारी दोन्ही त्यात सोडली. त्यांच्या मागच्यांनी त्यांचे पाहून तसेच केले. गुणवत्तातपासणीवाल्या पटवर्धनांनीही तसेच केले. लाकडी डब्याकडे कोणी फिरकलेही नाही. मी तोंड उघडेपर्यंत रांग संपली होती.

"अहो वहिनी, एकच टाकायचं होतं," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"एकटी सुपारी कधी ठेवतात का, काका? आणि तो डबा मला कचऱ्याचा वाटला. पूजेची सुपारी कचऱ्यात टाकायची?"

मंडळाची मते अशा रीतीने दोन्हीकडे सारखी पडली होती. उरली विद्यार्थ्यांची. मिरियमने ती पुनःपुन्हा मोजली. तीही नेमकी निम्मी-निम्मी. तिने डेकानिन बाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. आम्हां दोघांनाही कायदा पाठ होता: मते समान झाली तर प्रतिवादी जिंकतो. म्हणजे लायकोन जिंकला. फिलोन जार ठरला.

"फेरमतदान?" कॉर्बिनिअनने विचारले.

पद टांगणीला असतानाही मिरियम खोटे बोलली नाही. "अथेन्समध्ये फेरमतदान नव्हतं."

योनासने मुळा उचलला. "केवळ प्रतीकात्मक," तो म्हणाला.

"प्रतीक टेबलावर ठेव," कॉर्बिनिअन म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. डेकानिन बाईंनी पर्स उचलली. मिरियमचा चेहरा पाहवत नव्हता. तिच्या इतक्या वर्षांच्या विद्येचा निकाल एका हळकुंडासुपारीने लागत होता.

"थांबा," स्टुलावरून आवाज आला. सुमतीबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी योनासच्या हातून मुळा काढून घेतला. "उद्यापासून देवळाचं दार मला बंद होणार, आणि मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही?"

सारे माझ्याकडे पाहू लागले. अध्यक्ष मी होतो. अथेन्सच्या कायद्याप्रमाणे त्या स्त्रीच्या वाट्याचे पाणी नव्हते. अभिषेकपात्र रिकामे लोंबत होते. मी मनात महादेवाची पुन्हा एकदा क्षमा मागितली, तांब्या उचलला आणि पात्र काठोकाठ भरले. पाण्याची बारीक धार सुरू झाली.

सुमतीबाईंचे जर्मन बाजारात शिकलेले. त्यातले व्याकरण वाटेत कोठेतरी सांडते, पण माल पोहोचतो. त्या म्हणाल्या, "रांजण त्याचाच. मी त्याच्या आईकडून उसना आणला होता. माझ्या हातून त्याला तडा गेला. मी तसाच, तडा भिंतीकडे करून, त्यांच्या दाराशी ठेवून आले. तो कशाला येणार? भांडायला आला होता. आईनं पाठवला होता. आणि मी हसले, कारण चोरी पकडली गेली की माणूस हसतोच. मेलं एवढंसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही? प्रेम करायला येणारा माणूस फुटका रांजण घेऊन येतो का?"

कॉर्बिनिअन म्हणाला, "गेनाऊ." सभा हसू लागली. पात्रात अजून पुष्कळ पाणी होते, पण त्या बसल्या. मुळा मांडीवर घेऊनच.

डेकानिन बाई मागून पुढे आल्या. "फ्राऊ सुमती, याला प्राचीन आधार कोणता?"

"शेजार," सुमतीबाई म्हणाल्या.

बाई मिरियमकडे वळल्या. "अशा बायका न्यायालयात काय म्हणाल्या असत्या, याबद्दल आपल्याला काय माहीत आहे?"

"काही नाही," मिरियम म्हणाली. "त्यांच्याविषयी पुरुषांनी केलेली भाषणं आहेत. त्यांचं स्वतःचं एक वाक्य नाही. मी ती भाषणं वाचते ती त्यासाठीच. नवरा काय म्हणतो यावरून ती काय म्हणाली असती, ते शोधत."

"हे तुमच्या अर्जात नव्हतं."

"मला वाटलं, ते शास्त्रीय वाटणार नाही."

"तेच घाला," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी खटला दोनदा करा. एकदा अथेन्सच्या कायद्यानं, एकदा तिला पाणी देऊन." मग त्यांनी कोट काढला, आणि वड्यांच्या टेबलाशी त्या बराच वेळ होत्या. पटवर्धनांना वडा मिळाला, पण सर्वांच्या शेवटी. पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी मिरियमचे पद कायम झाले. खटला आता दर वर्षी दोनदा होतो. मते वेगवेगळ्या रंगांच्या गोट्यांनी देतात.

त्या दिवशी संध्या आटोपून मी जेवायला बसलो, तर ताटात कोशिंबीर होती. पांढरीशुभ्र, वर मोहरीची फोडणी. मी वाटीकडे पाहिले.

"खा आता," सुमतीबाई म्हणाल्या. "न्यायालयातून निर्दोष सुटलेला मुळा आहे. वात धरत नाही."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून. रोझीनं बाजारात सांगितलं. दोघी हसून हसून तिथंच बसलो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

त्यांनी माझ्या पानात आणखी एक चमचा वाढला. "तुम्ही विचारलंत कुठं?"

कोशिंबीर उत्तम झाली होती. मी पुन्हा मागून घेतली.

वाचकहो, ही दीपावली आपणांस आणि आपल्या कुटुंबास सुखाची, आरोग्याची जावो. आपल्या देव्हाऱ्यातील दिवा तेवता राहो, देवाचे दार आपल्या घरातील कोणालाही कधी बंद न होवो, आणि कसलाही निकाल लागण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी पात्रात ओतले जावो, हा माझा आशीर्वाद.